हिरड्यानं काळं झालेलं बोट

बचत गटाच्या बैठकीत मला दोनदा बोलायला लावलं. विषय ठरलेला, 'कोरोनातून मी कशी बरी झाले'. दोन्ही वेळा मी वाफ घ्या, कोमट पाणी प्या, धीर सोडू नका, असलं बोलले. बायांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना माझी मलाच लाज वाटली. सांगण्यासारखं जे होतं ते मी सांगितलंच नव्हतं. तोंडातून ते निघत नाही. लिहून निघतंय का बघते.

मी पानशेतच्या वरच्या डोंगरातल्या एका धनगरवाडीतली. नऊ घरं, म्हशी, शेरडं आणि खाली डांबरी रस्त्याला लागेपर्यंत दीड तासाची पायवाट. वाडीत वीज नाही. मोबाईलला रेंज हवी असेल तर टेकावरच्या एका कातळावर जाऊन उभं राहायचं. या वाडीतून भोरला राहून, कॉलेज करून बी. ए. झालेली मी पहिली. हे मी ताठ मानेनं सांगते, आजही सांगते. पण त्या आजारपणात माझ्या शिक्षणानं काय केलं, तेही मलाच सांगायला पाहिजे.

*

दुसरी लाट आली तेव्हा मी धरणाच्या काठावर एका बंगल्यावर कामाला होते. मालक पुण्याचे, शनिवार-रविवार यायचे. बाकीचे दिवस बंगल्याची देखरेख, विजेची बिलं, माळ्याची हजेरी हे सगळं माझ्याकडं. धूळही मीच पुसायची, पण हे आईला कधी सांगितलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं लेक हापिसात खुर्चीवर बसलेली असायची.

लाट वाढली तसे साहेब आणि मॅडम मुक्कामालाच आले. "पुण्यात नको बाई आता, इथली हवा चांगली," मॅडम म्हणाल्या. गाडीभर सामान आलं. त्यात एक पांढरं मशीन होतं, खाली चाकं असलेलं, लहान पोराएवढं उंच. हवेतला ऑक्सिजन काढून देणारं. "असू दे जवळ. ऐन वेळी मिळत नाही," साहेब म्हणाले. ते कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं. मी रोज त्याच्यावरची धूळ पुसायची.

मग साहेबांना ताप आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी मला फाटकाबाहेरच थांबवलं. "तू आता घरी जा गं. वर तुमच्याकडे एकदम सेफ आहे, कोणी येत नाही, जात नाही." त्यांनी एका पिशवीत मास्क, तापाच्या गोळ्या आणि एक ऑक्सिमीटर घालून दिला. "घे, आमच्याकडे चार आहेत."

मनापासून दिलं त्यांनी. आदल्या संध्याकाळी साहेबांच्या उष्ट्या कपबशा मीच विसळल्या होत्या. ती पिशवी घेऊन मी डोंगर चढले. वाडीत तोवर कुणी साधं शिंकलंही नव्हतं.

*

आमच्याकडं तपासणी नाही, रिपोर्ट नाही. माझ्या आजाराचं निदान ताकानं केलं.

तिसऱ्या दिवशी अंग तापलं. आईनं पेला भरून ताक आणून दिलं. मी घोट घेतला आणि म्हणाले, "आये, पाणी दिलंस का काय?"

"आगं पानी कुठलं? कालचं ताक हाय, चांगलं आंबट." तिनं माझ्या हातातला पेला घेतला आणि त्यातलाच घोट पिऊन बघितला. "आंबट ढाण हाय की! तुझ्या जिभंला काय झालंय?"

मला त्याच क्षणी कळलं काय झालंय. तिनं माझ्या पेल्यातलं प्यायलेलंही कळलं. पण ते पिऊन झालं होतं.

भिवादादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, चौथी शिकलेला. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. शेरडाला रोग आला की आमच्यात पहिलं काम ते वेगळं बांधायचं. त्याचं पाणी वेगळं, पाला वेगळा आणि त्याच्याजवळ जाणारा माणूस एकच. त्यानं गोठ्यामागची पडवी झाडली, घोंगडं टाकलं आणि लांबूनच म्हणाला, "जा, बस. आता तू आजारी शेरडू. ब्यां केलंस की पानी मिळंल."

"पाला पण टाक की मग," मी म्हणाले.

हसलो आम्ही. जवळ जाणारा तो एक माणूस कोण, यावर मात्र दोघांची जुंपली. आई म्हणाली, "तुला हिरड्याच्या झाडावर चढायचं हाय. म्या हिच्याकडं बघते. मला म्हातारीला काय व्हतंय?" वय पंचावन्नसुद्धा नव्हतं तिचं.

बाळहिरड्याचे दिवस होते. दादा झाडावर चढून कोयत्यानं फांद्या छाटायचा, आई खाली बसून कवळी फळं तोडून वाळत घालायची. व्यापारी हिरडा नेतो, आमच्या वाडीचं पावसाळ्याचं मीठमिरची त्यावरच निघतं. त्या हिरड्याचा चीक हाताला आणि कोयत्याच्या लोखंडाला लागला की बोटं काळीभोर होतात. नखांच्या कडेपर्यंत. साबणानं जात नाही. पाऊस लागेस्तोवर अख्ख्या वाडीची बोटं तशीच. माझीही दोन दिवसांत झाली होती, ताप यायच्या आधी मीही आईजवळ तोडायला बसले होते.

*

ऑक्सिमीटरला वाडीनं 'चिमटा' नाव दिलं. मी पडवीतून सांगायची, दादा फडक्यानं पुसून एकेकाच्या बोटाला लावायचा. मला ताप येऊन पाच दिवस झाले, त्या सकाळी अंगणात लांबलांब रांग लागली. शेजारचे धोंडूमामा म्हणाले, "माझं किती? आट्ट्यान्नव? आयला, शाळंत मला कधी दोन आकडी मार्क पडलं न्हाईत!" दादानं स्वतःला लावलं. सत्त्याण्णव. मला लावलं, चौऱ्याण्णव.

आईला लावलं. शहाऐंशी.

दादानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, दुसरं बोट लाव. पंच्याऐंशी.

मी हसले. हे नीट लिहिते, कारण पुढचं सगळं या हसण्यावर उभं आहे. मी मोबाईलवर वाचलं होतं की मेंदी किंवा नेलपॉलिश लावलं असेल तर हे यंत्र चुकीचा आकडा दाखवतं. वाडीत हे माहीत असलेली मी एकटी. मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आये, बोटं बघ की तुझी, डांबरात बुडवल्यासारखी. हिरड्यानं आकडा चुकतोय. तुझा आकडा धरायचा नाही."

"मग आसंल," आई म्हणाली. "तुला कळतं त्यातलं." आणि हात पदराला पुसून परत हिरडं तोडायला गेली. जाताना मध्येच जोत्यावर टेकली. मी विचारलं, दम लागला का? "ऊन लई हाय," म्हणाली.

*

त्यानंतर दोन दिवसांनी मला बोलताना धाप लागायला लागली. खोकला असा की म्हशी माना वळवून बघायच्या. चिमटा नव्वद दाखवत होता. आई खोकतच नव्हती. ती गप्प झाली होती, एवढंच. चुलीपुढं बसायची आणि बसूनच राहायची. दादानं तिचा आकडा घेतला, एक्याऐंशी.

"बघ," मी म्हणाले, "एक्याऐंशी असता तर माणूस असा चुलीपुढं बसला असता का?"

आजारी माणूस खाली न्यायचा तर आमच्याकडं झोळी. बांबूला घोंगडी बांधायची, त्यात माणूस, दोन्ही टोकांना खांदे. एरवी आठ जण निघतात, आळीपाळीनं खांदा बदलत. त्या दिवशी दादा धरून चारच निघाले. बाकीच्यांच्या घरात लहान पोरं होती, त्यांना मी दोष देत नाही. चार माणसं म्हणजे एक झोळी. आणि आजारी दोघी.

दादा पडवीच्या तोंडाशी आला. "कुनाला न्यायाचं पहिलं? तू सांग. कुनाचा आकडा कमी हाय?"

मी म्हणाले, "माझा. आईचा धरू नको."

आई चुलीपासूनच म्हणाली, "हिलाच न्या. ही शिकलेली हाय, दवाखान्यात हिला बोलता येतं. मला उद्या न्या." मग मला म्हणाली, "मोबाईल घे गं संगं."

मी घोंगडीत बसले. वाटेत उतरणीला माझं डोकं दादाच्या पाठीला लागत होतं. तो सारखा विचारायचा, "हायस का?" मी म्हणायची, आहे. आईला तसं विचारायला मागं कुणी नव्हतं.

*

वेल्ह्याच्या दवाखान्यात खाट नव्हती. अॅम्ब्युलन्सनं मला भोरला नेलं. तिथं एका मंगल कार्यालयात तात्पुरता दवाखाना केला होता. माझ्या खाटेसमोर स्टेज होतं आणि पडद्यावर कुणाच्या तरी लग्नाचं थर्माकोलचं 'शुभविवाह' तसंच चिकटलेलं. नवरानवरीच्या खुर्च्यांच्या जागी सिलिंडर उभे होते.

सकाळी सहाला सिस्टर ताप बघायची. आठला चहा. मग सिस्टर एकेक बोट बघत जायची. आकडा सांगायची नाही, लिहायची. आम्ही तिच्या कपाळावरच्या आठ्या वाचायचो. सिलिंडर बदलायचा आवाज आला की सगळा हॉल गप्प व्हायचा, कुणाचा बदलला आणि कुणाचा राहिला ते कान देऊन ऐकायचा. भीती वाटायची ती मरणाची कमी, आणि आपल्याला मिळालं म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी मिळालं नाही याची जास्त.

शेजारच्या खाटेवर सारोळ्याच्या मंदाकाकू होत्या. पुलाजवळ त्यांची चहाची टपरी, टाळेबंदीत बंद पडलेली. त्यांच्या घरून नाचणीची पेज यायची, त्यातली अर्धी माझ्या पेल्यात. "पी. चव न्हाई म्हनतीस ना, मग माझ्या सुनंच्या हातचं खायाला तुझ्यासारखं मानूस बरं." तिथं मी पहिल्यांदा हसले. नळी नाकातून निसटली.

हॉलमध्ये टीव्ही होता, आवाज बारीक. त्यावर कुणी सांगत होतं, हा रोग गरीब-श्रीमंत बघत नाही, मोठमोठे देशही यातून सुटले नाहीत.

काकू म्हणाल्या, "त्या देशात झोळी आसती का गं?"

"झोळी नसेल. पण त्यांच्यातही कुणीतरी वर राहत असेल, लांब."

"मग ती बी आपल्यासारखीच वाट बघत बसली आसतील." आणि त्यांनी कूस बदलली.

मला बंगल्यातलं मशीन आठवलं. रोग बघत नसेल गरीब-श्रीमंत. रस्ता बघतो. वीज बघते.

*

तिसऱ्या दिवशी सिस्टरनं माझं बोट धरलं आणि स्पिरिटनं घासायला लागली. "काय गं हे? शाई आहे का?"

"हिरडा आहे," मी म्हणाले. "त्यानं आकडा चुकतो. मला माहीत आहे, मी वाचलंय."

तिनं काळ्या बोटाला चिमटा लावला. एक्क्याण्णव. मग माझ्या पायावरची चादर बाजूला करून अंगठ्याला लावला. थोडा वेळ घेतला यंत्रानं. ब्याण्णव.

"पडतो फरक, एखाद-दोन आकड्यांचा," ती म्हणाली. "दहा-पंधराचा नाही पडत. शंका आली तर पायाचं बोट बघायचं." आणि पुढच्या खाटेकडं गेली.

पायाचं बोट. आईच्या पायांना हिरडा नव्हता.

मग दुसरं आठवलं. त्या दिवशी अंगणात दादानं स्वतःलाही चिमटा लावला होता. त्याचं बोटही तितकंच काळं होतं. सत्त्याण्णव आला होता. धोंडूमामांचंही काळंच. अख्खी वाडी काळ्या बोटांची होती आणि कमी आकडा फक्त आईचा होता. हे ओळखायला बी. ए. लागत नाही. चौथीही लागत नाही.

मी दादाला फोन लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. परत लावला. ती बाई तेच वाक्य तितक्याच गोड आवाजात सांगायची. काकूंनी मोजले म्हणे, मी एकतीस वेळा लावला. मला उठता येत नव्हतं. नळी चार हात लांब, तेवढंच माझं जग.

दुपारी दादाचाच फोन आला, कातळावरून. वारा ऐकू येत होता.

"दादा, आईचा आकडा खरा होता! काळ्याचं काही नसतं. तिला आजच्या आज खाली आण. ऐकतोयस ना?"

"व्हय."

"झोळी बांध. माणसं नसली तर पाठीवर घे. कशी आहे ती?"

वारा बराच वेळ ऐकू आला. "निजलीया," तो म्हणाला.

"तिला झोपू देऊ नको, उठव!"

"व्हय. तू जेव."

फोन तुटला. मी लगेच मॅडमना लावला. पहिल्याच रिंगला उचलला त्यांनी. मी रडत सांगितलं, कोपऱ्यातल्या खोलीतलं मशीन द्या, माझा दादा येईल न्यायला, दोन दिवसांत आणून देईल, मी लिहून देते.

त्या म्हणाल्या, "अगं, दिलं असतं. पण सर आत्ता कुठे उठून बसतायत, डॉक्टर म्हणाले अजून आठ दिवस जवळ ठेवा. आणि त्याला सलग लाइट लागते. तुमच्या वाडीत लाइट आहे का?"

"नाही."

"बघ ना गं," त्या म्हणाल्या.

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्या बोलल्या ते खरं होतं. ते मशीन त्यांनी डोक्यावर घेऊन वर आणून दिलं असतं तरी आमच्या घरात त्याचं पाणी भरायचं पिंप झालं असतं. रागवायलासुद्धा कुणी समोर नाही, याच्याइतकं असहाय मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही. नकार देणारं माणूसही धड वाईट नाही.

*

अकराव्या दिवशी मला सोडलं. दादा दुधाच्या टेम्पोतून न्यायला आला. कार्यालयाच्या दारात कमानीखाली उभा होता, डोक्याला टॉवेल गुंडाळून. मला बघून त्यानं मान खाली घातली. टॉवेलखाली केस नव्हते.

मी विचारलं, "कधी?"

"तुला खाली सोडलं, त्याच्या दुसऱ्या दिशी."

म्हणजे मी फोनवर ओरडत होते तेव्हा ती जाऊन एक दिवस झाला होता. मशीन मागत होते तेव्हाही.

सकाळीच तिला झोळीत घातलं होतं, दादानं टेम्पोत सांगितलं. मला नेलं त्या संध्याकाळी माणसं परत वर आली ती थकून, लगेच फिरून जाणं झालं नाही. सकाळी निम्म्या उतरणीवर, खांदा बदलायला झोळी टेकवली, तेव्हा तिनं पाणी मागितलं. प्याली. "पोरगी पोचली का?" विचारलं. दादा म्हणाला, पोचली. परत खांद्याला घेतली तेव्हा बांबूचं वजन वेगळं लागलं, असं तो म्हणाला. तेवढंच.

*

बरं होणं म्हणतात ते मला महिनाभर जमलं नाही. टेकाड चढले की धाप, केस हातात यायचे, ताकाची चव परत आली त्या दिवशी पेला फेकून दिला. दादा मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मी त्याच्यासाठी भाकरी करायची, तो खायचा, म्हशी सोडायचा. बंगल्यावरून मॅडमनी किराण्याचा खोका पाठवला, त्यात बदामही होते. दादानं खोका रिकामा करून करडांना बसायला दिला.

परवा पुन्हा हिरड्याचा हंगाम लागला. दादा संध्याकाळी आला, जोत्यावर बसला, हात पुढं करून काळी बोटं बघत. चिमटा अजून फळीवर आहे, मी सेल बदलत असते. मी तो उचलला आणि त्याच्या बोटाला लावला. सत्त्याण्णव.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी विचारलं, "दादा, त्या दिवशीही तुझं बोट असंच काळं होतं ना?"

"व्हय. काळंच हुतं."

"तुझ्या तेव्हा ध्यानात आलं होतं?"

तो आकड्याकडं बघत राहिला. "आलं हुतं की. म्हनलं, माझं बी काळंच हाय, मग माझा कसा बराबर येतुय?"

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं चिमटा काढून माझ्या हातात दिला. "तू शिकलेली," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. "म्हनलं, तुला कळत आसंल."

आणि म्हशीला हाक मारत गोठ्याकडं गेला.

पुढच्या बैठकीत मी वाफेचं सांगणार नाही. एवढंच सांगेन. बोट काळं असेल तर पायाचं बोट बघा, आणि तेही जमलं नाही तर कमी आकडा खरा धरा. घरात शिकलेलं माणूस असेल तर त्याला उलटून विचारा, मी असले तर मलाही. आणि झोळी एकच असेल, तर जो खोकतोय त्याच्या आधी जो गप्प बसलाय त्याला न्या.